मॅकबुकचा टच बार हँग होतो, विझतो, लुकलुकतो: दुकानात नेण्याआधी काय तपासायचे

टच बार म्हणजे कीबोर्डच्या वरच्या ओळीत फंक्शन बटणांच्या जागी असलेली काचेची स्पर्शपट्टी. लक्षणे आधी, कारण एकाच पट्टीचे हे वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

- पट्टीवर चित्र दिसते, पण बोट लावले तरी काही होत नाही. आवाजाची खूण तशीच, एस्केपही मुके.
- पट्टी पूर्ण काळी. मागे काही उरलेच नाही असे वाटते.
- पट्टीवर जुन्याच अ‍ॅपची बटणे अडकून राहिली आहेत. सफारी बंद केले तरी पट्टीवर सफारीच.
- उजव्या टोकाचा भाग पांढराफटक लुकलुकतो, बहुधा मशीन नुसते पडून असताना. रात्री अंधारात हे फारच डोळ्यांवर येते.
- बोट न लावता आवाज कमी-जास्त होतो, सिरी उघडते, ब्राइटनेस उड्या मारतो.

हे सगळे टच बार असलेल्या मॅकबुक प्रोबद्दल आहे: २०१६ ते २०१९ची १५ इंची, २०१९ची १६ इंची, आणि २०१६पासून २०२२च्या एम२पर्यंतची १३ इंची. (१३ इंचीमध्ये काही मॉडेल साध्या फंक्शन बटणांचीही होती, त्यांना हे लागू नाही.) डेलच्या एक्सपीएसवरची स्पर्शाची ओळ हा थोडा वेगळा प्रकार आहे, त्याबद्दल शेवटाकडे.

हा बिघाड साध्या बटणासारखा का नसतो

साधे बटण बिघडले तर एकच बटण बिघडते. एफ५ गेले तरी एफ६ चालू असते, आणि काय गेले ते बोटाला लगेच कळते. टच बार म्हणजे बटणांची ओळ नव्हे. तो २१७० गुणिले ६० पिक्सेलचा छोटा ओएलईडी पडदा आहे, त्यावर स्पर्श ओळखणारा थर आहे, आणि इंटेलच्या मॅकमध्ये तो चालवायला मुख्य प्रोसेसरखेरीज वेगळी चिप आहे: २०१६-१७च्या मशीनमध्ये टी१, २०१८पासून टी२. एम१ आणि एम२मध्ये हे काम मुख्य चिपच करते. वर मॅकओएसमध्ये टचबारसर्व्हर नावाचा एक प्रोग्राम पडद्यामागे सतत चालू असतो, तो पट्टीवर काय दाखवायचे ते पाठवतो.

म्हणजे चार दुवे झाले: प्रोग्राम, चिप, पडदा, स्पर्शाचा थर. कुठलाही एक तुटला की बारा बटणे एकदम जातात, आणि पहिल्या मॉडेलांत तर एस्केपही. एस्केप काचेत घालणे हा निर्णय चुकला होता हे अ‍ॅपलने शब्दांत नव्हे, पण कृतीत मान्य केले: २०१९च्या १६ इंचीवर आणि २०२०च्या १३ इंचीवर खरे एस्केप बटण परत आले, आणि २०२१च्या १४ व १६ इंचींवर तर पूर्ण ओळच परत आली.

कोणता दुवा तुटला हे न शोधता लोक थेट नवी पट्टी बसवायला निघतात. सॉफ्टवेअरचा दोष असेल तर ते पैसे पाण्यात.

दोन मिनिटांची चाचणी

काहीही रीसेट करण्याआधी हे करा. याला खर्च नाही आणि पुढचा अर्धा गोंधळ इथेच मिटतो.

पहिली चाचणी: कमांड, शिफ्ट आणि ६ एकदम दाबा. हा शॉर्टकट टच बारचे चित्र डेस्कटॉपवर फाइल म्हणून ठेवतो. मॅकला पट्टीवर जे दाखवायचे आहे ते या फाइलमध्ये येते, काचेवर प्रत्यक्ष काय दिसते त्याच्याशी तिचा संबंध नाही. फाइलमध्ये बटणे नीट दिसतात आणि काच मात्र काळी, तर प्रोग्राम ठीक आहे आणि दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. फाइलही काळी किंवा जुनीच बटणे दाखवणारी असेल, किंवा तयारच होत नसेल, तर दोष सॉफ्टवेअरच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त, आणि ती आनंदाची बातमी आहे.

दुसरी चाचणी: सिस्टीम सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात झूम, आणि तिथला टच बार झूम चालू करा. आता पट्टीवर बोट टेकवले की मुख्य पडद्याच्या तळाशी पट्टीची मोठी प्रतिमा दिसते आणि बोट कुठे आहे तिथे गोल उमटतो. काच काळी असूनही ही प्रतिमा आली तर स्पर्शाचा थर जिवंत आहे, गेला आहे तो फक्त उजेड. उलट, काचेवर चित्र आहे पण बोट लावून प्रतिमा येतच नाही, तर संशय स्पर्शाच्या थरावर किंवा त्याच्या केबलवर जातो. पण आधी खालची प्रोग्राम पुन्हा सुरू करण्याची पायरी करून पाहा.

या दुसऱ्या चाचणीचा आडफायदा असा की पडदा मेलेला असला तरी झूमच्या आधारे पट्टी वापरता येते. देखणा मार्ग नाही, पण काम अडत नाही.

तपासण्या, स्वस्तापासून महागाकडे

*पट्टी झोपली आहे की मेली आहे?* हात न लावता सुमारे सव्वा मिनिट गेले की टच बार आधी मंद होतो आणि मग विझतो. हे मुद्दाम केलेले आहे, वीज आणि ओएलईडीचे आयुष्य वाचवण्यासाठी. कुठलेही बटण किंवा ट्रॅकपॅड दाबला की तो परत उजळायला हवा. सिनेमा बघताना काळी दिसणारी पट्टी म्हणजे बिघाड नव्हे.

*काच पुसा.* मशीन बंद करा, चार्जर काढा. मऊ, किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. चिकट डाग असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पुसणा चालतो. द्रव थेट पट्टीवर फवारू नका, कारण तिच्या कडेच्या फटीतून तो आत उतरतो. स्पर्शाचा थर बोटातून जाणारा अगदी बारीक विद्युत बदल मोजतो, आणि तेल, घाम, हँड क्रीम, ओलावा हे सगळे त्याला बोटासारखेच भासू शकतात. जुलैत कोकणात किंवा मुंबईत "आपोआप आवाज बदलतो" ही तक्रार आली की आधी कापड, मग बाकी सगळे.

*चार्जर काढून बघा.* आपोआप चालणाऱ्या पट्टीसाठी ही सगळ्यात दुर्लक्षित तपासणी. दोन पिनांच्या प्लगवर चार्जर लावला की त्याला अर्थिंग मिळत नाही, आणि धातूच्या अंगाला हात लावल्यावर हलक्या मुंग्या येतात. तोच गळका प्रवाह स्पर्शाच्या मोजणीत खरखर मिसळतो. चार्जर काढल्यावर पट्टी शहाण्यासारखी वागत असेल तर दोष पट्टीचा नाही. तीन पिनांची लांब केबल लावा, आणि ज्या सॉकेटमध्ये लावता त्याला खरोखर अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तिसरे भोक नुसते शोभेचे असते. स्वस्त बिनकंपनीचे चार्जर याच कारणाने आधी बाजूला काढा.

*पट्टी चालवणारा प्रोग्राम पुन्हा सुरू करा.* हँग झालेल्या किंवा जुनी बटणे धरून बसलेल्या पट्टीचा हा नेमका इलाज. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, व्ह्यू मेनूतून सर्व प्रोसेस निवडा. हे न केल्यास हवे ते नाव दिसणारच नाही, कारण तो प्रोग्राम तुमच्या नावाने नव्हे, सिस्टीमच्या नावाने चालतो. शोधाच्या चौकटीत टचबार (इंग्रजीत, TouchBar) लिहा, टचबारसर्व्हर निवडा, वरच्या फुलीवर क्लिक करून फोर्स क्विट करा. पासवर्ड मागेल. पट्टी क्षणभर काळी होईल आणि ताजी होऊन परत येईल. उजवीकडची आवाज-ब्राइटनेसची बटणेच तेवढी अडकली असतील तर कंट्रोलस्ट्रिप हा वेगळा प्रोग्राम त्याच पद्धतीने बंद करा, तोही लगेच स्वतः उठतो.

इथे जुन्या मॉडेलांवर एक अडचण येते: एस्केप त्याच मेलेल्या पट्टीवर असल्याने कमांड-ऑप्शन-एस्केप दाबता येत नाही. फोर्स क्विट अ‍ॅपलच्या मेनूतही आहे. एस्केपच्या जागी बऱ्याच खिडक्यांत कमांड आणि पूर्णविराम चालतो, टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस. २०१६ ते २०१९च्या, खरे एस्केप नसलेल्या मशीनवर तर आजच सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मॉडिफायर कीज इथे जाऊन कॅप्स लॉकला एस्केप करून टाका. पट्टी चांगली असली तरी. मराठी-इंग्रजी बदलायला कॅप्स लॉक वापरत असाल तर मात्र भाषाबदल कंट्रोल-स्पेसवर हलवावा लागेल.

प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर पट्टी बरी होते, पण दर दोन-चार दिवसांनी तेच घडत असेल तर पुढच्या दोन पायऱ्या कारण शोधण्यासाठी आहेत.

*पट्टीत हात घालणारी अ‍ॅप बंद करा.* बेटरटचटूल, पॉक, एमटीएमआर यांसारखी अ‍ॅप पट्टीचा ताबा घेतात. मॅकओएस अपडेट झाल्यावर जुनी आवृत्ती अडखळते आणि दोष पट्टीवर येतो. लॉगिन आयटममधून ती काढा, रीस्टार्ट करा, दोन दिवस वापरून बघा. सेफ मोडमध्येही (जास्तीचे काही न उघडता मशीन सुरू करणे) हे तपासता येते: इंटेलवर सुरू होताना शिफ्ट धरून ठेवा, एम१-एम२वर पॉवर बटण धरून ठेवून पर्याय आले की डिस्क निवडा आणि शिफ्ट धरून सेफ मोडमध्ये पुढे जा.

*नवे यूजर खाते करून बघा.* नव्या खात्यात पट्टी ठीक आणि तुमच्या खात्यात बिघडलेली, म्हणजे तुमच्या सेटिंगची फाइल खराब आहे. होम फोल्डरच्या लायब्ररीत, प्रेफरन्सेसमध्ये, ज्या फाइलच्या नावात टचबार आणि एजंट (touchbar, agent) हे दोन्ही शब्द आहेत ती डेस्कटॉपवर हलवा (पुसू नका) आणि रीस्टार्ट करा. नवी फाइल आपोआप बनते. पट्टीची तुमची मांडणी मात्र पुन्हा लावावी लागेल.

*चिप रीसेट करा.* रीस्टार्टनेही काळीच राहणाऱ्या पट्टीसाठी. पद्धत मॉडेलनुसार बदलते, आणि चुकीची पद्धत वापरून "रीसेट केले, फरक नाही" म्हणणारे खूप असतात.

२०१६-१७ (टी१): मशीन बंद करा. डावीकडचे शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि पॉवर बटण एकदम १० सेकंद धरा, सोडा, सुरू करा.

२०१८ ते २०२०चे इंटेल (टी२): आधी बंद करून नुसते पॉवर बटण १० सेकंद धरा, सुरू करून बघा. फरक नसेल तर पुन्हा बंद करा. उजवे शिफ्ट, डावे ऑप्शन, डावे कंट्रोल ७ सेकंद धरा. ते न सोडता पॉवर बटणही धरा आणि आणखी ७ सेकंद थांबा. मग सगळे सोडा, काही सेकंदांनी सुरू करा. शिफ्ट उजवेच हवे, इथे हमखास चूक होते.

एम१ आणि एम२: असा वेगळा रीसेटच नाही. पूर्ण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, सुरू करा.

*मॅकओएस अपडेट.* टी१-टी२वर चालणारी स्वतःची छोटी प्रणाली मॅकओएसच्या अपडेटसोबतच येते, म्हणून पट्टीच्या दोषासाठीही हे अपडेट महत्त्वाचे. बॅकअप घेऊनच करा.

उजव्या टोकाचे लुकलुकणे

याला सॉफ्टवेअरचा इलाज जवळजवळ नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कमांड-शिफ्ट-६च्या फाइलमध्ये लुकलुक दिसत नाही, म्हणजे दोष पडद्यात. बऱ्याच मशीनमध्ये पट्टी विझायला लागली की लुकलुक सुरू होते आणि पट्टी जागी असेपर्यंत थांबते, त्यामुळे ट्रॅकपॅडला हात लावला की "बरे" झाल्यासारखे वाटते. रीसेट केल्यावर एक-दोन दिवस शांत राहून पुन्हा सुरू होणे हेही नेहमीचेच.

मशीन गरम झाल्यावरच होते का ते पाहा. अ‍ॅपलने दिलेली वापराची मर्यादा १० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलरशिवायच्या खोलीत मशीन आधीच त्याच्या बाहेर असते. सकाळी थंड मशीनवर लुकलुक नसेल आणि दुपारी असेल, तर निदान त्रास कमी करण्याचा मार्ग सापडला.

त्याचबरोबर बॅटरी फुगली आहे का ते पाहा. मशीन बंद करून सपाट टेबलावर ठेवा. डगमगते का? ट्रॅकपॅड कडक झाला आहे किंवा क्लिक होत नाही? झाकण पूर्वीसारखे मिटत नाही? यातले एकही असेल तर इथेच थांबा. पट्टी विसरा, चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, स्वतः उघडू नका. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोक लागले तर आग लागते.

बॅटरी ठीक असेल आणि फक्त लुकलुकच असेल, तर स्वस्तात स्वस्त उपाय म्हणजे त्या टोकावर काळी इन्सुलेशन टेप. हसू येईल, पण पट्टी बदलण्याचा खर्च ऐकल्यावर येत नाही. टच आयडीच्या, म्हणजे बोटाचा ठसा ओळखणाऱ्या बटणावर टेप जाऊ देऊ नका.

दोष नसलेला दोष: चुकून लागणारे बोट

बिघाड म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याच या प्रकारच्या असतात. खऱ्या बटणावर बोट नुसते टेकले तर काही होत नाही, दाबावे लागते. काचेवर टेकणे हेच दाबणे. त्यात सिरीचे बटण डिलीटच्या अगदी वर असते, त्यामुळे खोडायला गेले की सिरी उघडते. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, टच बार सेटिंग्ज, कस्टमाइझ कंट्रोल स्ट्रिप इथून सिरी ओढून बाहेर काढा.

शिवाय "टच बार काय दाखवतो" या सेटिंगमध्ये अ‍ॅपची बटणे सोडून एफ१, एफ२ किंवा पूर्ण कंट्रोल स्ट्रिप निवडा. पट्टी दर अ‍ॅपला चेहरा बदलत असेल तर बोटाला जागा कधीच पाठ होत नाही. टच बारवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच होता आणि तो रास्त आहे.

मॅकवर पॅरलल्समध्ये विंडोज घालून टॅली चालवणाऱ्यांना हे विशेष लागते. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस असे दिवसभर बोट फिरत असते. पूर्ण मॅकची सेटिंग बदलायची नसेल तर कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये फंक्शन कीज इथे पॅरलल्स जोडा. ते समोर आले की पट्टीवर आपोआप एफची बटणे येतात. तरीही दिवसाला शंभर व्हाउचर टाकायची असतील तर साधा यूएसबी कीबोर्ड लावा. काचेला न बघता एफ८ आणि एफ९मधला फरक बोटाला कळत नाही, आणि सेल्सच्या जागी परचेस पडले की निस्तरायला वेळ जातो.

डेल एक्सपीएसची स्पर्शाची ओळ

२०२२च्या एक्सपीएस १३ प्लसवर आलेल्या या ओळीत पडदा नाही. ठरलेली चिन्हे आणि मागे दिवे, एवढेच. म्हणून चित्र अडकणे हा प्रकार नाही, दोनच प्रश्न: दिवे लागतात का, आणि स्पर्श लागतो का. एफ२ चालत नाही अशी तक्रार असेल तर आधी ओळ कोणत्या रूपात आहे ते पाहा. एफएन दाबल्यावर चिन्हे एफ१-एफ१२ आणि आवाज-ब्राइटनेस यांत बदलतात. दोन्ही रूपांत स्पर्श मेलेला असेल तर चार्जर काढून, बंद करून पॉवर बटण २० ते २५ सेकंद धरा, मग बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट करा. तोवर काम भागवायला विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड येतो. सुरू होताना एफ२ दाबून बायोसमध्ये शिरायचे तर मात्र बाहेरचा यूएसबी कीबोर्डच लागेल. चार्जर आणि अर्थिंगची वरची तपासणी इथेही तशीच लागू.

कधी थांबायचे आणि कोणाकडे जायचे

बॅटरी फुगलेली, चहा-पाणी सांडलेले, जळका वास, किंवा पट्टीबरोबर टच आयडी आणि कीबोर्डही गेलेला: यातले काहीही असेल तर वरच्या पायऱ्या करत बसू नका. सांडले असेल तर लगेच बंद करा, चार्जर काढा आणि "चालू होते का" म्हणून पुन्हा पुन्हा बघू नका. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतला साखरेचा थर जात नाही.

दोन्ही चाचण्यांत दोष पडद्याचा किंवा स्पर्शाच्या थराचा निघाला तरीही घरी उघडू नका. खालचे झाकण पेंटालोब (पाच पाकळ्यांच्या खाचेच्या) स्क्रूंचे आहे आणि ते सहज निघते, त्यामुळे मोह होतो. पण पट्टी वरच्या अंगाला चिकटवलेली असते, तिच्यापर्यंत पोचायला लॉजिक बोर्डसकट (मशीनचा मुख्य सर्किट बोर्ड) बराच पसारा बाहेर काढावा लागतो, आणि तिच्या चपट्या केबली कागदासारख्या फाटतात.

चिपची प्रणाली पुन्हा भरण्याचे कामही जाणकाराचे. त्यासाठी दुसरा मॅक लागतो आणि त्यात रिव्हाइव्ह व रिस्टोअर असे दोन पर्याय येतात. रिव्हाइव्हमध्ये डेटा राहतो, रिस्टोअरमध्ये सगळा जातो. दुकानदाराला कोणता करणार ते आधी विचारा, आणि बॅकअप नसेल तर रिस्टोअरला हो म्हणू नका.

मशीन विकणे थांबून पाच वर्षे झाली की अ‍ॅपल ते व्हिंटेज धरते, सात झाली की कालबाह्य, आणि कालबाह्य मशीनचे भाग अधिकृत केंद्रात मिळत नाहीत. म्हणून जुन्या मॉडेलांसाठी बाहेरचाच कारागीर गाठावा लागतो. त्याला दोन गोष्टी आधी सांगा. कमांड-शिफ्ट-६ची फाइल आणि काचेचा मोबाइलवर काढलेला फोटो शेजारी ठेवून दाखवा, म्हणजे निदानाचे पैसे वाचतात. आणि टच आयडीचे बटण तुमचेच मूळचे परत बसले पाहिजे हे चिठ्ठीवर लिहून घ्या: ते लॉजिक बोर्डशी जोडी जमवलेले असते, दुसऱ्या मशीनचे बसवले तर पॉवर बटण म्हणून चालेल, बोटाचा ठसा मात्र ओळखणार नाही.